उत्तरेची ओसरी

सूर्य उत्तरेकडूनही जातो, हे मी लग्नानंतर एका शेजाऱ्याकडून शिकले आणि त्या भरात परातभर आवळे सडवले. भूगोलात मी काठावर पास; पण तोरा काय विचारता!

शेजारी म्हणजे गंगापूर रोडचे अण्णा. ऱ्होडेशियाचं झिम्बाब्वे झालं, त्या सुमारास तिथलं बांधकामाचं काम आटोपून ते एकटेच नाशिकला परतले. बायको तिकडेच जन्मलेली. "म्हातारपणी परक्या देशात कशाला येऊ?" म्हणून माहेरीच अडून बसलेली.

अण्णा कुणाकडेही गेले की पाण्याआधी खिशातून होकायंत्र काढत. "आधी घराचं तोंड बघावं, मग माणसांची!" लोकांना वाटे, वास्तुशास्त्र. अण्णा शोधत ऊन.

"गोरे तिकडे आले ना सूनबाई," ते सुरू झाले की माझी भाजी करपलीच म्हणून समजा, "आधी कुडाच्या झोपड्यांत राहिले. मग विटांची घरं, पत्र्याची छपरं. पण तोंडं दक्षिणेला! विलायतेत तिकडून ऊन येतं ना. तिथे सूर्य उत्तरेला. बसले कुडकुडत! देश घेतला, पण ऊन कुठून येतं ते कळायला पिढी गेली. मग कुठे घरं वळली, उत्तरेला लांबलचक ओसऱ्या आल्या."

मी आ वासून ऐके. अख्खा देश झोपेत कूस बदलतोय, असं डोळ्यांपुढे येई.

मग त्यांनी इथे स्वतःचं घर बांधलं. उत्तरेला ओसरी, लालभडक फरशी, कमानी! माणसं सायकलवरून उतरून बघत राहत. ऐन थंडीत अण्णा फरशीच्या पॉलिशसाठी चार दिवस परगावी गेलेले पाहून मी त्या ओसरीत आवळासुपारी वाळत घातली. ऊन काही फिरकेना. मी आपली शाल पांघरून आवळ्यांशेजारी वाट बघतेय! शेवटी त्यांना बुरशी आली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे थंडीत उत्तरेला ऊन असतं होय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तशीच परात घेऊन अण्णांसमोर उभी राहिले.

"अण्णा, गोऱ्यांना हसलात आणि स्वतः तेच केलंत! घर उलटं बांधलंत की!"

अण्णा खो खो हसले. मग कमानीवरून हात फिरवत म्हणाले,

"ठाऊक आहे, सूनबाई. तिच्या माहेरची ओसरी आहे ही, हुबेहूब. ऊन नाही आलं तरी चालेल. ती आली पाहिजे."