मुकं हळदीकुंकू

“हळदीकुंकवात कोणी इंग्रजी ठेवते काय वं? आता नवी साडी कोण्या भाषेत दाखवू?”

रुख्मिणी सोनिकाच्या कानात कुरकुरली, पण वाण वाटणाऱ्या प्रेमिलाने ते ऐकलंच. तिने दाराच्या वर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. ‘आज मराठी, हिंदी बंद. फक्त इंग्रजी!’

कल्पना प्रेमिलाचीच. “पाहजा, संक्रांतीले आपण साऱ्या कशा फाडफाड बोलू!” अशी फुशारकी तिने महिनाभर हुडकेश्वरच्या त्या गल्लीत मारली होती. ती एका दवाखान्यात चादरींच्या खोलीत कामाला होती, आणि सोमवारपासून तिला पुढच्या काउंटरवर बसून इंग्रजीत बोलायचं होतं. ही बढती तिने आधी दोनदा कंबरदुखीचं निमित्त सांगून टाळली होती. कंबर बिचारी ठणठणीत होती!

सण ‘गोड बोला’ म्हणायचा, आणि वीस बायका तोंडात लाडू धरून गप्प! रुख्मिणीने खुणेनंच घसा बसल्याचं सांगितलं. सोनिकाने दाढेवर हात ठेवला. घड्याळाची टिकटिक त्या घरात बहुधा पहिल्यांदाच ऐकू आली.

शेजारचे देवरावकाका दरवर्षी दुपारच्या झोपेत या कलकलाटाला शिव्या घालत कुशीवर वळायचे. आज त्यांना झोपच येईना. बाहेर येऊन पाहतात तो प्रेमिलाच्या दारात चपलांचा ढीग आणि आत सामसूम! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला याचा एकच अर्थ माहीत असतो. खांद्यावर दुपट्टा टाकून ते दारात उभे राहिले.

“कधी झालं वं पोरी?”

प्रेमिलाने पुन्हा कागदाकडे बोट केलं. काकांचा चष्मा घाईत घरीच राहिला होता. त्यांना ते बोट आभाळाकडे गेलेलं दिसलं. रुख्मिणीने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला, तिचे खांदे गदगदू लागले.

“रडू नका वं,” म्हणत काकांनी प्रेमिलाच्या नवऱ्याला फोन लावला. “नत्थू, लकडगंजहून निघ गा लवकर. फोनवर नाही सांगत. गाडी हळू चालव!”

“कोण गेलं, काका?” नत्थूचा घाबरा आवाज खोलीभर ऐकू आला. “प्रेमिला बरी आहे ना? तिले द्या!”

काकांनी फोन पुढे केला. साऱ्या बायका प्रेमिलाकडे बघू लागल्या. मराठीत एक वाक्य, की सगळं निस्तरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण दोनदा कंबर दुखली तेव्हाही असंच सोपं वाक्य जिभेवर आलं होतं. आज ते सुटलं, की सोमवारी कंबर तिसऱ्यांदा दुखणार!

तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

“नोबडी डेड,” अंधारात पायऱ्या उतराव्यात तशी एकेक शब्द चाचपत ती म्हणाली. “ट्वेंटी लेडीज... ऑल अफ्रेड ऑफ इंग्लिश. आय... आय अफ्रेड मोस्ट.”