दाजी जिन्याने का गेले

या परक्या देशात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करून दोन वर्षं उलटली आणि शेवटी एकदाचं वैद्यकीय तपासणीचं पत्र आलं. दाजींनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि ते बायकोला म्हणाले, "ही नुसती औपचारिकता असते. इथल्या अकरा वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली असेन तर दाखव."

"गेल्या वर्षी कंबर धरली होती तेव्हा?"

"ती आजारपणाची नव्हती. कंबरेची होती."

दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. मोटारीला कान लावून ते सांगत, हिचं बेअरिंग अजून तीन महिने चालेल, आणि ते बरोबर तीन महिन्यांनी बसायचं. स्वतःच्या देहाबद्दलही आपलं ज्ञान याच तोडीचं आहे, अशी त्यांची समजूत होती. तसे ते फक्त त्यांच्या मेहुण्याचे दाजी. पण मेहुणा त्याच कंपनीत कामाला होता, त्यामुळे तिथले ज्यांना या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता तेही त्यांना दाजीच म्हणत.

हा मेहुणा गेल्या वर्षी याच तपासणीतून पार पडला होता. तेव्हापासून तो वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखा सगळ्यांना मार्गदर्शन करत फिरायचा. पत्र आल्याचं कळताच संध्याकाळी घरी हजर.

"दाजी, हसण्यावारी नेऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाचं ब्लड प्रेशर जास्त निघालं. सहा महिने फाइल अडकली."

"किती जास्त निघालं?"

"ते मी विचारलं नाही. पण अडकली."

दाजींचा चेहरा उतरला. मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजात जायचं होतं, आणि कायमचे कागद हातात नसतील तर तिला हव्या त्या कॉलेजचा अर्जच भरता येणार नव्हता. सहा महिने गेले म्हणजे वर्ष गेलं. मेहुण्याने सल्ला दिला तो असा: मीठ बंद, रोज भरपूर चालणं, जिने चढणं आणि तपासणीबद्दल कुठे अवाक्षर न काढणं.

"बोलल्याने काय होतं?" बायकोने भावाला विचारलं.

"ताई, लोकांची नजर असते."

दुसऱ्या दिवसापासून घरात मिठावर बंदी आली. बायकोने दोन दिवस अळणी जेवण गिळलं, तिसऱ्या दिवशी तिने स्वतःचं वेगळं पातेलं चढवलं. मुलगी कंपासपेटीत मिठाची पुडी ठेवून जेवायला बसू लागली.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. भानगड झाली ती जिन्यांमुळे.

त्या आठवड्यात दाजींचं काम एका दहा मजली इमारतीत होतं. तिथल्या लिफ्टचे दोर नुकतेच बदलले होते आणि रोज जाऊन सगळं नीट बसलंय ना, ते पाहायचं होतं. मोटारीची खोली गच्चीवर. दाजींनी ठरवलं, वर जायचं ते जिन्याने. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ते पहिल्या दिवशी तीन वेळा चढले. तिसऱ्या खेपेला सातव्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका दार उघडून बाहेर आल्या.

"लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे," दाजी धापा टाकत म्हणाले.

"मग तुम्ही जिन्याने?"

तब्येतीला जिना चांगला असतो, असं दाजींना म्हणायचं होतं. पण श्वास पुरेना. एवढंच बाहेर पडलं, "जिनाच... बरा." आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

बाईंनी चाळीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यांवरून खरंखोटं ओळखलं होतं. लाल झालेला चेहरा, घाम, तुटक उत्तर. लिफ्टचं बटण दाबायला पुढे केलेलं बोट त्यांनी मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाजी पुन्हा जिन्यानेच आले, तेव्हा मजल्यामजल्यावर दारं किलकिली होत होती. तिसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी कुणीतरी कागद चिकटवला: स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी. अक्षर वळणदार, शाळेतल्या फळ्यावर शोभेलसं. चौथ्या दिवशी जिन्यात ही गर्दी. नवव्या मजल्यावरची एक बाई बाळाला कडेवर घेऊन चढत होती, तिची बाबागाडी तळमजल्यावरच पडून होती. आठव्या मजल्यावरचे स्थूल गृहस्थ दोन दिवस खाली उतरलेच नव्हते. त्यांचा पाव खिडकीतून दोरीला बांधलेल्या बादलीतून वर जात होता. दाजींना वाटलं, या इमारतीतले लोक तब्येतीला फार जपतात. त्यांना कौतुकच वाटलं.

पाचव्या दिवशी सुपरवायझरने त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं.

"दाजी, त्या लिफ्टमध्ये काय बिघाड आहे?"

"काहीच नाही. उत्तम चालतेय."

"मग तुम्ही तिच्यात पाय का ठेवत नाही? बत्तीस तक्रारी आल्यात. लिफ्ट दुरुस्त करणाराच जिन्याने जातो, म्हणजे ती पडणार, असं सगळे धरून चाललेत."

सुपरवायझरने टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. दाजींच्या अर्जाच्या फायलीत लावायचं नोकरीचं पत्र. कर्मचारी विश्वासू आहे, असं त्यात टाइप केलं होतं. खाली सही नव्हती.

"ही सही मी कोणत्या तोंडाने करू, सांगा."

तेव्हा मात्र दाजींनी सगळं सांगून टाकलं. मेहुणा, मीठ, ब्लड प्रेशर, सगळं. सुपरवायझर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग चेहरा सरळ करून तो म्हणाला, "उद्या दिवसभर त्या लिफ्टमध्ये उभे राहा. एकेकाला घेऊन वर जा, खाली या. शेवटचा माणूस बसला की मी सही करतो."

दाजी सकाळी आठपासून लिफ्टमध्ये उभे. दुपारपर्यंत बेचाळीस फेऱ्या झाल्या. स्थूल गृहस्थ डोळे मिटून उतरले आणि खाली पोचल्यावर दाजींना मिठी मारून गेले. राहिल्या फक्त मुख्याध्यापिका. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उडी मारा बघू."

"कशाला?"

"तुटते का, ते कळेल."

पाच दिवसांच्या जिन्यांनी दाजींच्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. तरी त्यांनी उडी मारली. लिफ्ट जागची हलली नाही, पण दाजींच्या गुडघ्यात कट्कन आवाज झाला. "ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि आत आल्या. संध्याकाळी सही झाली.

तपासणीच्या दिवशी दाजी लंगडत दवाखान्यात पोचले. बायकोचा नंबर त्यांच्या पाठोपाठ होता, म्हणून ती दाराशीच उभी होती. ब्लड प्रेशर उत्तम. छातीचा फोटो स्वच्छ. दाजींनी बायकोकडे विजयी वीरासारखं पाहिलं. मग नर्सने त्यांना उंची मोजायच्या पट्टीखाली उभं केलं.

"टाचा खाली टेका."

दाजींनी टेकल्या.

"एकशे चौसष्ट," नर्स म्हणाली आणि अर्जाकडे पाहून थांबली. "इथे एकशे सत्तर लिहिलंय."

"गुडघ्यामुळे असेल. जिने फार चढलोय."

"सहा सेंटीमीटर?"

तिने डॉक्टरांना हाक मारली. अर्जाच्या तळाशी छापलेलं वाक्य दाजींना पाठ होतं: खोटी माहिती दिल्यास अर्ज रद्द होईल. त्यांची पाचावर धारण बसली. दोन वर्षं, अकरा वर्षं, मुलीचं कॉलेज, सगळं त्या सहा सेंटीमीटरवर लोंबकळताना त्यांना दिसलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा आकडा कुठून आणलात?"

"डॉक्टर," दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "तो मी लग्न ठरल्यापासून सांगत आलोय."

डॉक्टरीणबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं. मग आकडा खोडला, शेजारी खरा लिहिला आणि पेन दाजींपुढे धरलं. "इथे सही करा. उंचीसाठी कुणाला परत पाठवत नाहीत."

बायकोची तपासणी पंधरा मिनिटांत उरकली. दोघं बाहेर पडले. दाजी हळूहळू चालत होते आणि बायको त्यांच्या चालीने चालत होती.

"अगं, तुझ्या वडिलांना तेव्हा मी जे सांगितलं होतं..."

"पाच फूट सात."

"हो. ते जरा..."

"एकोणीस वर्षं तुमच्या पँटा कोण आखूड करतंय?"

दाजी थांबले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या ऐटीत उभे राहायचात. म्हटलं, राहू दे." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "माझी किती भरली, ते नाही विचारलंत."

"किती?"

"एकशे सहासष्ट."

लिफ्ट मजल्याच्या दोन मिलिमीटर खाली थांबली तरी ज्यांच्या डोळ्यांना खुपायची, त्या दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला नीट न्याहाळलं. तिच्या पायात कायमची ती चपटी चप्पल होती. टाचेची चप्पल आपल्याला सोसत नाही, असं ती लग्नापासून सांगत आली होती.

"म्हणजे तूसुद्धा?" दाजी म्हणाले.

कोपऱ्यावर चपलांचं दुकान होतं, त्यात बायको शिरली. दाजी बाहेर एका पायावर भार देऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. जुनी चप्पल खोक्यात होती आणि पायात चांगली दोन इंच टाचेची नवी.

"कशी दिसते?" तिने विचारलं.

दाजींनी मान वर केली आणि ते म्हणाले, "छान."