लिटरमागं दोन किलोमीटर

माणूस मोटार बसायसाठी घेतो, असा एक गैरसमज लोकात पसरलेला हाय. बसायला ओटा असतो, बाज असती, दुसऱ्याच्या दुकानातलं स्टूल असतं. मोटार घेतेत ती कुणी "ॲव्हरेज किती देती?" म्हणून विचारलं तं छाती काढून आकडा सांगायसाठी. अन् आकडा शेजाऱ्यापेक्षा कमी निघणार आसंल, तं शहाण्यानं मोटार न घेतलेली बरी. न घेतलेली मोटार थेंबभर पेट्रोल पीत न्हाई. तिची बराबरी अजून कोन्त्याच कंपनीला जमली न्हाई.

एवढी साधी गोष्ट वसमतच्या जनकाबाईला आठ वर्षं पटली न्हाई. बाईमाणसाला मशिनरी कळत न्हाई, असं तिचे मालक किशनराव म्हणायचे. किशनराव पंचायत समितीत मोठे बाबू व्हते. त्यांच्या टेबलावरून एखादा कागद घाईनं पुढं गेला, असा आरोप त्यांच्यावर पुऱ्या नोकरीत कुणी केला न्हाई.

झालं असं. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जनकाबाई यष्टीनं माहेरी गेली, हट्ट्याला. उतरली तवा तिचे केस, लुगडं अन् पिशवी तिन्हीचा रंग एकच झाला व्हता. वहिनी बेबीबाई दारातच उभी. पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणली, "काय आक्का, सायबाची बायको अन् यष्टीत लोंबकळत? दाजी पगार जमिनीत पुरून ठेवतेत का?"

जनकाबाईचं डोकं चटकन तापायचं. तिनं तांब्या तसाच खाली ठेवला. "आता ह्या दारात येईन तं आमच्या सोताच्या मोटारीत बसून येईन. न्हाईतं येणारच न्हाई!"

अंगणात भाऊ भीमराज व्हता, तेरा वर्षाची भाची संध्या व्हती, शेजारच्या चार बाया व्हत्या. म्हंजी ठराव पुऱ्या सभेपुढं झाला. मागं घ्यायची सोय राहिली न्हाई. बेबीबाईनं बी उपसूचना मांडली, "आक्का येत न्हाई तं आमच्यातलं बी कुणी वसमतला जाणार न्हाई." तीबी मंजूर. जनकाबाईला सोताचं लेकरू नव्हतं. सुट्टी लागली की संध्या तिच्या पदराला असायची. ते त्या दिवशी तुटलं.

किशनरावला बायकोचा बाणा लई आवडला. पैसा बँकेत तयार व्हता. आठ दिवसात अंगणातलं लिंबाचं झाड तोडून मोटारीसाठी पत्र्याचं शेड उभं राहिलं. मंग ते मोटार आणायला नांदेडला गेले. शोरूममधलं पोरगं नोकरीला नवीन व्हतं, त्यामुळं चुकून खरं बोललं. "साहेब, दिवाळीनंतर हिचंच पाच गिअरचं मॉडेल येणार हाय. लिटरमागं दोन किलोमीटर जास्त."

किशनराव यष्टीनं परत आले. तोंड असं फुललेलं, की जनकाबाईला वाटलं मोटार मागून येऊन राहिली.

"दोन किलोमीटर, जनका! लिटरमागं!"

"अन् हट्टा इथून किती लिटर हाय?"

किशनरावनं डोळे मिटून हिशोब केला. "सव्वा लिटर."

"मंग सव्वा लिटरासाठी म्या माहेर सोडून बसू व्हय?"

ह्या प्रश्नाची नोंद घेतल्या गेली.

दिवाळीनंतर पाच गिअरचं मॉडेल आलं. पण तवर पेपरात आलं, की पुढच्या साली पेट्रोल कॉम्प्युटर मोजणार. कॉम्प्युटर आला, तं डिझेलचं नवीन इंजिन येणार असं कळलं. ते आलं, तं त्याच्यातली सुधारणा व्हायची बाकी व्हती. आजवर बाजारात आलेल्या मोटारीमधी एकच खोट सापडली : ती आलेली असायची. थांबायला सुरुवात केली तवा जिल्हा परभणी व्हता. थांबता थांबता जिल्हा हिंगोली झाला. सरकारनं नवा जिल्हा काढला, कलेक्टर आला, पाट्या बदलल्या. शेडमधी मोटार तेवढी आली न्हाई. हळदीची पोती आली, गणपतराव वाण्याचं मोडकं कपाट आलं, शेजाऱ्याची म्हैस दोनदा व्याली. (दोन्ही वेळा वगारच, रेडा न्हाई. शेड शुभ हाय, असं शेजारी म्हणतो.)

किशनराव हात बांधून बसले व्हते, असं मातर कुणी म्हणू नये. कंपनीच्या आकड्यावर भरोसा नको म्हणून त्यांनी सोता चौकशी हाती घेतली. दर सुट्टीला स्कूटर काढून ते पार कनेरगाव नाक्यापर्यंत जायचे अन् ढाब्यावर जेवणाऱ्या ड्रायव्हर लोकांला ॲव्हरेज विचारायचे. एकूण एकशे चौदा ड्रायव्हर तपासले. साठ जणांनी फुगवून सांगितलं, एक्कावन्न जणांनी "तुमाला काय करायचं?" म्हणलं, तिघांनी खरं सांगितलं. (तिघांच्याबी गाड्या दुसऱ्याच्या व्हत्या.) ह्या चौकशीत स्कूटरनं किती पेट्रोल खाल्लं, ते निघालं न्हाई, ते चौकशीच्या कक्षेत येत नव्हतं.

जनकाबाई माहेरी जात नव्हती, पण तिचं लोणचं महिन्यातून दोनदा जायचं. वसमत-हट्टा जीप चालवणारा ग्यानोबा बरणी घेऊन जायचा अन् रिकामी परत आणायचा. कधी ती संध्यासाठी ड्रेस शिवून पाठवायची. पोरगी दिसत नव्हती, म्हणून माप अंदाजानं. एका साली ड्रेस वापस आला. "ल्हान व्हऊन राहिला म्हणतेत," ग्यानोबा म्हणला. "पोरगी उंच झाली, काकू. माझ्या जीपच्या आरशाइतकी." जनकाबाईनं भिंतीला पाठ लावून जीपचा आरसा कुठवर येतो ते हातानं पाहिलं, अन् मंग भाकरी थापायला बसली.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात भीमराजचा फोन आला. संध्याचं लगन ठरलं. पोरगी म्हणून राहिली, आत्या शेजारी उभी नसली तं म्या हार घालत न्हाई.

आता अडचण अशी, की पोळ्यानंतर नवीन मॉडेल येणार व्हतं. लिटरमागं दोन किलोमीटर जास्त. किशनरावनं ऑफिसच्या टायपिस्टला बसवून भीमराजला पत्र धाडलं :

"विषय : आयु. संध्या हिच्या मंगल परिणयाची तारीख पुढे ढकलणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, इंधनाची बचत करणारे वाहन पोळ्यानंतर उपलब्ध होत असल्याने सदर विवाह तदनंतर ठेवणे इष्ट राहील. वधूवरास थांबण्यात काही अडचण असल्यास ती सकारण कळवावी."

भीमराजचा फोन त्याच दिवशी आला. "दाजी, सकारण कळवतो. पोरगं तयार हाय, पोरगी तयार हाय, मंडपवाला तयार हाय. तुमी एकटे मॉडेल जुने हाव!" अन् फोन ठेवला.

लगनाच्या दिवशी जनकाबाईनं धम्माच्या रीतीनं पांढरं लुगडं नेसलं, पिशवी उचलली अन् उंबऱ्यात उभी राहिली. चारचौघात बोललेला शब्द तिनं आठ वर्षं पाळला व्हता. तरी ती म्हणली, "म्या चालले, यष्टीनं. तुमी येता का थांबता?"

किशनराव गेले. (पाहणी म्हणून.)

यष्टी खच्चून भरली व्हती. जनकाबाई मनात मोजून राहिली : बेबीबाई आता काय काय बोलणार, कुणाकुणापुढं बोलणार. किशनराव ड्रायव्हरच्या पाठीमागं सरकले. "ॲव्हरेज किती देती?"

"साडेचार."

किशनरावला हसू आलं. मंग त्यांनी माणसं मोजली. पंचावन्न. साडेचार गुणिले पंचावन्न. एका माणसामागं, एका लिटरात, दोनशे साडेसत्तेचाळीस किलोमीटर! त्यांनी दोनदा गुणलं. "जनका," ते घाम पुसत म्हणले, "आठ वर्षं ही गाडी आपल्या दारावरून जाऊन राहिली, अन् कुणी सांगितलं न्हाई!"

जनकाबाई पिशवी घेऊन दाराकडं सरकली. हट्टा आलं व्हतं.

बेबीबाई दारातच उभी. जनकाबाईनं दात आवळले. बेबीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् एकदम गळ्यातच पडली. "आक्का, काहून आल्या न्हाई वो इतके साल?"

"तूच तं म्हणली व्हतीस, यष्टीत लोंबकळत येती म्हणून!"

"म्या? कवा?" बेबीबाईला खरंच आठवत नव्हतं. "म्या आपली समजत व्हते, सायबिणीला आमचं घर ल्हान पडून राहिलं. चला आत, पोरगी सकाळपासून वाट पाहून राहिली."

लगन लागलं. संध्या आत्यापेक्षा वीतभर उंच निघाली. हार घालायच्या आधी तिनं खाली वाकून आत्याच्या कानात एक वाक्य सांगितलं. जनकाबाई आधी हसली अन् मंग जी रडाय लागली, ती पंचशील सुरू झालं तरी थांबंना. ते वाक्य काय व्हतं, ते आमी इथं सांगणार व्हतो.

पण सांगायचं कुणाला? जनकाबाई उतरली, बेबीबाई भेटली, पोरीनं हार घातला, अन् वाचणारा अजून यष्टीतच बसून साडेचारला पंचावन्ननं गुणून राहिला. (गुणाकार बराबर हाय.) पंगती उठल्या. तुमचं ताट वाढलं नव्हतं. तुमी थांबले असाल, असं सगळ्यांनी धरून घेतलं.