रविवारी त्याला बंद करा

शनिवारी सकाळी मार्तंडरावांनी एक साधा निर्णय घेतला : आज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचंच. पेपर उघडला, तर कोड्याच्या जागी भोक होतं आणि भोकातून समोर मेथी निवडत बसलेली बायको, सुमती, दिसत होती.

आठ दिवसांपासून पेपरला अशी भोकं पडत होती. मार्तंडरावांनी उंदरांचं औषधही आणून ठेवलं होतं. (उंदीर इतकं सरळ कापत नाहीत, हे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या लक्षात यायला आठ दिवस लागले.)

सुमती आंघोळीला गेल्यावर ते स्वयंपाकघरात शिरले. औषधाची पुडी जागेवर नव्हती. डाळीच्या डब्याखाली मात्र एक कागद सापडला. वेगवेगळ्या टायपातले शब्द कापून चिकटवले होते : "बत्तीस वर्षे सहन केले. रविवारी त्याला कायमचे बंद करा."

त्यांच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. रविवार उद्यावर होता. मार्तंडराव घाबरले, अगदी मनापासून घाबरले. त्यांनी मिहानच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"भैरवी, तुझी आई मले संपवून राहिली."

"बाबा, मीटिंगमध्ये आहो मी. मेसेज टाका."

तेवढ्यात सुमतीने चहा आणून ठेवला.

"चहात काय टाकलं वं?"

"अद्रक. काहून?"

"आधी तू पी."

सुमतीने शांतपणे अख्खा कप संपवला आणि विसळून पालथा घातला. चहा गेला तो गेलाच. आता मात्र मार्तंडरावांचा धीर सुटला. कागद पुढे करत ते म्हणाले, "माझं काय चुकलं, ते तरी सांग."

"सापडला काय? कधीची शोधून राहिली मी. माझ्या कादंबरीचा शेवट आहे तो. मंगळावर चाललेल्या यानाची गोष्ट. एकही वाक्य माझं नाही, सगळं इकडून तिकडून कापून चिकटवलेलं. यानातल्या म्हाताऱ्या यंत्रमानवाले बंद करायचं आहे."

"अन् उंदराचं औषध?"

"पुडीवरचं 'सावधान' पाहिजे होतं मले."

मार्तंडरावांच्या जिवात जीव आला. एवढ्या हुशार बायकोवर संशय घेतला, याची त्यांना लाज वाटली.

"सुरुवातीची पानं वाचून प्रकाशकाले यंत्रमानवाचं बोलणं लय आवडलं," सुमती म्हणाली. "काळीज नसल्यासारखं इतकं कोरडं मराठी आणलं कुठून, म्हणे."

"कुठून आणलं?"

तिने वही उघडली. यंत्रमानवाच्या तोंडी निळ्या शाईतली, ओळखीच्या अक्षरातली पट्टी चिकटवली होती : "संदर्भ : आपले दिनांक बाराचे पत्र. आपली आठवण येत आहे. माहितीस्तव सविनय सादर."

"लग्नाआधी तुम्ही नोकरीसाठी खाप्याले होते नं," सुमती म्हणाली, "तेव्हाची तुमची प्रेमपत्रं."