भुईमुगाचे सोयरे

स्वामीराव नमस्कार करत नसत. समोरच्याचा अंगठा हातात घेऊन बघत. मद्रासच्या आमच्या प्रयोगशाळेत मी नागपूरहून रुजू झालो, तेव्हा माझाही दाबून पाहिला आणि म्हणाले, "अंगठा बरा आहे. माणूस कसा ते नंतर बघू." मी हबकलोच. मग कळलं, की रोपाच्या मुळाचं टोक रंगवून काचेखाली ठेवायचं आणि वरून अंगठ्याने बेतानं दाबायचं, तरच सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं सुटी दिसतात.

माणूस तंजावरकडचा मराठी. शेतातला भुईमूग आणि त्याचे रानटी भाऊबंद यांची लग्नं लावणं हा यांचा उद्योग. "आमच्या घरच्याची गुणसूत्रं चाळीस, रानातलीची वीस. लेकराला तीस! जोड्याच लागत नाहीत, अय्यो पावम, बिचारं!" असल्या संकराला फुलं येतात, शेंग धरत नाही. त्या वांझ रोपांशी ते तासन्‌तास बोलत बसत. आम्ही हसून बेजार.

एकदा साहेबांनी जागा अडते म्हणून ती रोपं उपटायला सांगितली. कधी आवाज न चढवणारे स्वामीराव कुंड्यांपुढे हात पसरून उभे राहिले.

"वांझ म्हणून उपटता? मग अगोदर मला बाहेर काढा!"

साहेबांनी कशीबशी दिवाळीपर्यंत मुदत दिली.

स्वामीराव कोंबांवर औषधाचे बोळे ठेवू लागले. औषध लागू पडलं तर गुणसूत्रं दुप्पट होतात, प्रत्येकाला जोडीदार मिळतो. बहुतेक रोपं मेली. एक तगलं, आणि त्याच्या फुलातून निघालेली आरी शेंग धरायला मातीत शिरली.

दुसऱ्या दिवशी स्वामीराव बायकोला घेऊन हजर! लक्ष्मीअक्कांच्या अंगावर रेशमी लुगडं, हातात हिरव्या बांगड्यांची पुडी. इकडे पोटुशीला बांगड्या भरतात, ते वळैकाप्पु. पण कुंडीचं? याच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच मला वाटलं.

अक्का दारातच थबकल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

"मी कशी वो? असल्याला मला कोणी बोलवत नाहीत. दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

"हिला तरी कोण विचारत होतं?" स्वामीराव म्हणाले. "तूच भर."

आम्ही हसायला टपलो होतो, पण कुंडी अक्कांपुढे आम्हीच सरकवली. अक्का फांदीत बांगडी सरकवू लागल्या, तसा स्वामीरावांनी त्यांचा हात खालून धरला. अक्का रोपावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"सुखरूप बाळंत हो, पोरी."