सरांच्या मनगटातलं माकड

सर जीवशास्त्राचे होते आणि जेवताना गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, इथंच सगळं बिघडलं.

"अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट जरा वाकवा," ते घास गिळता गिळता म्हणाले. "मधोमध दोरीसारखी नस, म्हणजे खरं तर स्नायूचं टोक, वर येते ना? आपले पूर्वज झाडाला लटकायचे, त्यांच्या कामाची ती. आता काही उपयोग नाही. काहींच्या जनुकांत बदल झालाय, त्यांना ती येतच नाही. म्हणजे उत्क्रांतीत ते एक पायरी पुढं."

सरांच्या आईचं मनगट सपाट. बायकोचंही सपाट. आठवीतल्या मुलीचंही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर अकरा वर्षांत ज्यांचं एकमत झालं नव्हतं, त्या सासूसुनांनी एकमेकींकडे कौतुकानं पाहिलं. मग तिघींनी सरांचा हात धरून वाकवला. नस अशी टरारून वर आली, की तिच्यावर टॉवेल वाळत घालावा.

"आणि हा माझ्या पोटचा," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडचं नाही हो ते, मामंजींकडचं असेल," सूनबाईंनी समजूत घातली.

दुसऱ्या दिवसापासून घरातली चढायची नि लटकायची सगळी कामं सरांच्या गळ्यात पडली. पडदे, पंखा, जळमटं त्यांनी लांब काठीनं उरकली. पण रविवारी सूनबाई म्हणाल्या, "अहो, माळ्यावरच्या रजया काढा. आम्ही काढल्या असत्या, पण आमच्याकडे ती सोय नाही."

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सरांना उंचीची भयंकर भीती वाटे. स्टुलावर उभं राहिलं तरी घर गरगर फिरायचं. आता वर्गात चाळीस पोरांसमोर वानराचा माणूस करून दाखवणाऱ्यानं हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यांनी गुपचूप खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन केला.

"त्या नसेनं काडीचा फरक पडत नाही, एवढं घरी येऊन सांगा. लगेच या."

"आलोच," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं 'आलोच' म्हणजे अर्धा तास. तोवर सूनबाईंनी स्टूल मांडलं होतं.

डॉक्टर आले तेव्हा स्टूल आडवं पडलं होतं आणि सर डोळे घट्ट मिटून माळ्याच्या कडेला लटकत होते.

"त्या नसेचा काही उपयोग नसतो, असं सांगायला आलो होतो," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"पाच मिनिटं झाली लटकतोय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

"बाबा, सोडा की हात. खाली वीतभरच अंतर आहे," मुलगी म्हणाली.

"नाही सोडणार," सर वरून ओरडले. "मला भीती वाटते. उंचीची. लहानपणापासून."

उरलीसुरली अब्रूही गेली, असं सरांना वाटलं. सासूबाई मात्र विचारात पडल्या.

"सूनबाई, माकडाला झाडाची भीती वाटल्याचं कधी ऐकलंयस?"

"छे हो."

"मग हा तर आपल्याही पुढं गेला. उगाच बोललो गं त्याला." त्यांना भरून आलं. तिघींनी मिळून सरांना अलगद उतरवलं आणि खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसवलं. आपल्या भित्रेपणाच्या जोरावर सर जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं बसले.

"पण मग रजया?" मुलीनं विचारलं.

सासूबाईंची नजर हळूहळू डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टर," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अंगठा आणि करंगळी जरा जुळवा बघू."

डॉक्टरांनी दोन्ही हात खिशात घातले.