देवरावजींची ट्रायल

देवरावजींच्या खिशात नेहमी एक रबरी नळी असायची. हातभर लांब, काळी, दोन्ही टोकांनी मोकळी. एक टोक कानात खुपसायचं, दुसरं समोरच्या वस्तूजवळ फिरवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. समोरची वस्तू बहुतेक वेळा त्यांचा जुना, नाकाड्या ट्रक असे. पण आमच्या घरचा कुकरही त्यांनी असाच तपासला होता. एकदा माझ्या वडिलांच्या छातीला नळी लावून म्हणाले, "इंजन बरं हाय काकाजी, फिल्टर भरलं हाय." त्या दिवसापासून वडिलांच्या बिड्या अर्ध्यावर आल्या.

"हवा चोरून राह्यली" हे त्यांचं लाडकं वाक्य. लग्नात बँडवाल्याचा सूर गेला, सभेत पुढारी अडखळला, कुणाचं दुकान बसलं, तरी निदान एकच. कुठंतरी हवा चोरून राह्यली.

वणीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचो, म्हणून ते मला 'बाबू' म्हणत. महागाव, फुलसावंगीकडचा कापूस घेऊन ते आमच्याकडे यायचे. मग बोंडअळीची वर्षं आली. काट्यावर दिवसभर माशा मारायची वेळ आली आणि देवरावजींचा ट्रक कडुनिंबाखाली उभा राहिला. वणीत ट्रकला काम नाही असं होत नाही, कोळसा आहेच. पण ते ऐकायचे नाहीत.

"पांढरं वाह्यलेल्या गाडीत काळं नाही भरत म्या."

"अहो, धुतलं की झालं."

"तू धू तुह्यं तोंड. गाडीले कायले सांगतं?"

घरात ते एकटेच. कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, लेकीकडे फुलसावंगीला होत्या. नातू झाला तेव्हा चार दिवस म्हणून गेल्या. मग लेकीची सासू अंथरुणाला खिळली, लेकीला अंगणवाडीची नोकरी, आणि काकू तिथंच अडकल्या. देवरावजी जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी मुक्काम नाही, पाण्याचा घोटही नाही. कापसाच्या खेपा होत्या तोवर त्यांनी तोड काढली होती. ट्रक लेकीच्या दारात उभा करायचा, खाली उतरायचं नाही, आणि काकूंनी आणलेला चहा केबिनमध्ये बसून प्यायचा. "घर कोनाचंबी असो, च्या तं माह्या बायकोच्या हातचा हाय ना?" खेपा बंद झाल्या आणि तो चहाही बंद झाला.

"एसटीनं जाऊन या ना एकदा," मी म्हणायचो.

"ट्रकवाला मानूस एसटीत बसून जाईन? आन् सांगू काय तिथं, काहून आलो म्हून?"

बायकोची आठवण आली हे कारण त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ते उत्साहानं माझ्या दारात आले. "बाबू, गाडी शिट्टी मारून राह्यली!"

खरंच, ट्रक सुरू केला की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. इंजिन उभ्या जागी थरथरायचं. गॅरेजवाला म्हणाला, पंप खोलावा लागेल. देवरावजींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. त्यांच्या मते मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनानं श्वास घ्यायचा जाड नळ, कुठंतरी फटीतून हवा ओढत होता. "नाकानं श्वास घ्यावं तं हे कानानं घेऊन राह्यली. फिल्टर कायले हाय मंग? सारी धूळ सीधी पोटात."

फट शोधायला त्यांनी नळी फिरवली. मग अगरबत्ती पेटवली. इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि देवरावजी डोळे बारीक करून सांध्यासांध्यावरून अगरबत्ती फिरवताहेत. समोरच्या मालतीबाईंना वाटलं, गाडीची पूजा आहे. त्या हळदकुंकू घेऊन आल्या. मागोमाग कुणीतरी नारळ आणला. देवरावजींनी नारळ ठेवून घेतला आणि म्हणाले, "पाया पडा, पन पंख्यापासून दूर."

इतक्यात त्यांचा हात थांबला. सरळ वर जाणारा धूर एका सांध्याजवळ वाकला आणि झुर्रकन आत शिरला.

"पायलं का! इथून!" त्यांचा चेहरा असा उजळला की मालतीबाईंनी पुन्हा हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड खाली उतरला. जुनं पॅकिंग जळून पापुद्रे झालं होतं. ते त्यांनी खरवडून काढलं, लोखंडी पट्टी आडवी धरून उजेडात पाहिलं आणि नळाचं तोंड वाकडं झालंय म्हणून लेथवर नेऊन सपाट करून आणलं. नवीन पॅकिंग बसवलं. नट आवळताना मला पाना धरायला दिला, कारण बोलायला कुणीतरी हवं होतं.

"टोकावून नोको. मधातून कस. थोडं इकडं, थोडं तिकडं. एकच टोक कसत राह्यलं तं दुसरं तोंड वासते."

शिट्टी गेली. इंजिन एका लयीत चालायला लागलं. मला वाटलं, संपलं. पण देवरावजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. "चाल बाबू, ट्रायल घेऊ."

ट्रायल म्हणजे गावाबाहेरच्या पुलापर्यंत, अशी माझी समजूत. पूल गेला. मारेगाव गेलं. मी विचारलं तर म्हणाले, "इंजन गरम झाल्याबिगर खरं बोलत नाही." यवतमाळ गेलं, आर्णी गेली. इंजिन केव्हाच गरम झालं होतं. दुपार कलताना आम्ही फुलसावंगीत शिरलो आणि ट्रक एका निळ्या दाराच्या घरापुढे थांबला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. 

"बाई वं! कापूस निंगाला का इकडं?"

"नाही. ट्रायल हाय."

"वणीवून इथलोक?"

देवरावजी स्टीअरिंगकडे पाहत म्हणाले, "रिकाम्या गाडीची झाली. आता लोडवर घ्या लागते. बस वर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "वंदे, पोराले पाय वं जरासक," असं आत लेकीला हाक मारून म्हणाल्या आणि साडी सावरत केबिनमध्ये चढल्या. मला अर्थातच उतरवण्यात आलं. जावयाबरोबर ओट्यावर बसून मी पाहत राहिलो. ट्रक गावाबाहेरच्या रस्त्यानं निघाला, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीलाही पुढं जाऊ देत. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीच्या पलीकडे तो दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा काकूंचे डोळे लाल होते. "धूळ लय हाय रस्त्यानं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चहा आणला. देवरावजींनी तो वरच बसून घेतला, फुंकर घालून, थंड होईपर्यंत.

"येतं का संगं?" कप परत देताना त्यांनी विचारलं. इतकं हळू, की इंजिन बंद नसतं तर ऐकू आलं नसतं.

"कशी येऊ? बुढीले कोन उठवंन?"

"तसंच इचारलं."

परतीच्या वाटेवर इंजिन सुरेख चाललं होतं.

महिना उलटला असेल. सकाळी दात घासत मी अंगणात आलो तर कडुनिंबाखाली देवरावजी बॉनेटमध्ये वाकलेले. हातात पाना. मला वाटलं, नट कसताहेत. पण पाना उलटा फिरत होता. मॅनिफोल्डचा टोकाचा नट त्यांनी सैल केला, अजून थोडा केला, मग इकडेतिकडे पाहून चोरासारखा पाना खिशात घातला.

मी खाकरलो नाही. तसाच आत गेलो आणि बायकोला म्हणालो, "एक-दोन दिवसांत डबा करून द्यावा लागेल. फुलसावंगीला जायचं दिसतंय."